‘हिंगोली’ लिहायला आठ कळा : मराठी फाँट, डोंगल आणि न उघडणाऱ्या फाईली

मागच्या उन्हाळ्यात माझ्या हाती एक सीडी आली. माझं पीएच.डी.चं काम भूजलावर आहे, कयाधू नदीच्या खोऱ्यातल्या विहिरींवर. आजची पाणीपातळी मी स्वतः मोजतो, पण वीस वर्षांपूर्वी ती किती होती हे कळल्याशिवाय माझ्या आकड्यांना अर्थ नाही. २००१ ते २००४ या काळात कळमनुरी आणि औंढा तालुक्यांतल्या काही गावांत एका स्वयंसेवी संस्थेने पाणलोटाचं काम केलं होतं. दर महिन्याला विहिरीत दोरी सोडून पातळी मोजायची, रजिस्टरात लिहायची आणि महिन्याच्या शेवटी टाइप करून घ्यायची, अशी त्यांची शिस्त होती. रजिस्टरं वाळवीने खाल्ली, सीडी तेवढी राहिली. संस्थेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी ती जुन्या पेटीतून काढून दिली आणि म्हणाले, “सगळं टाइप करून ठेवलेलं हाय, तुला काही करायचं कामच नाही.”

सीडीवर ५८ फाईली होत्या. आश्चर्य म्हणजे सगळ्या उघडल्या. पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत होती. कुठे तीन व्यंजनं सलग, कुठे मध्येच मोठा बी, कुठे उलटं प्रश्नचिन्ह.

तुमच्यापैकी जे इतिहास, मराठी किंवा समाजशास्त्राकडून संशोधनात येणार आहेत त्यांना हे दृश्य कधी ना कधी दिसणारच आहे, आणि विज्ञानवाल्यांचीही यातून सुटका नाही हे मला आता कळलंय. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. आपलीच फाईल आपल्याला वाचता येऊ नये, असं कसं झालं?

आधी मुळाशी जाऊ. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर म्हणायचं याचा तक्ता आधी ठरवावा लागतो. इंग्रजीचा तक्ता १९६०च्या दशकातच ठरला होता. भारतीय लिप्यांसाठी आयआयटी कानपूरमध्ये काम सुरू झालं, त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान आलं आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिथे आलं. जिस्टचं एक कार्ड संगणकात बसवायचं, की पडद्यावर देवनागरी दिसायची. त्याच काळात ‘इस्की’ नावाचा समान तक्ता तयार झाला आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तो आयएस १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून स्वीकारला. म्हणजे सगळ्यांनी एकच तक्ता वापरायचा ही समज आपल्याकडे फार लवकर होती. ‘आपल्या देशात कोणी विचारच केला नव्हता’ असं म्हणणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

मग घोटाळा कुठे झाला? छापखान्यात. १९९०च्या दशकात गावोगाव डीटीपीची दुकानं निघाली आणि त्यांचं सगळं काम पेजमेकरवर चालायचं. पेजमेकरसारख्या प्रोग्रामचा हिशोब साधा होता: एक आकडा, एक आकृती. देवनागरीत तसं चालत नाही. ‘हि’ म्हणताना ह आधी उच्चारतो, पण ऱ्हस्व वेलांटी ह-च्या आधी काढतो. जोडाक्षरं, रफार, अर्धा र यांची तऱ्हा आणखी वेगळी. हे सगळं त्या प्रोग्रामना झेपणारं नव्हतं. त्यावर फाँट करणाऱ्यांनी जुगाड काढला. इंग्रजी फाँटमध्ये २५६ घरं असतात, त्यांतल्या वापरता येण्याजोग्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवून टाकले. काना एका घरात, मात्रा दुसऱ्या, अर्धा ग तिसऱ्या. संगणक समजायचा की आपण इंग्रजीच लिहितोय, माणसाला मात्र मराठी दिसायचं.

उदाहरण घ्या. कृतिदेव हा आपल्याकडे खूप चाललेला फाँट. टाइपरायटरच्या रेमिंग्टन पद्धतीवर बेतलेला. त्यात ‘मराठी’ लिहिलं की फाईलमध्ये प्रत्यक्षात साठतं ते ई, जे, के, मोठा बी, एच. आणि ‘हिंगोली’ लिहिलं की साठतात आठ अक्षरं: एफ, जी, ए, एक्स, के, एस, वाय, एच. पहिलं एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, ती ह-च्या आधी बसलीय. ‘गो’ मधल्या ओ-साठी दोन कळा, काना वेगळा आणि मात्रा वेगळी. म्हणजे फाईलमध्ये हिंगोली हा शब्द कुठे नाहीच, त्याचं चित्र काढायची कृती तेवढी आहे. फाँट काढून घ्या, कृती राहते आणि चित्र जातं.

इतकं असूनही सगळ्यांनी एकच कृती वापरली असती तरी भागलं असतं. पण कोणतं चित्र कोणत्या घरात हा तक्ता प्रत्येक कंपनीने आपापला केला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, खुद्द सी-डॅकची आयएसएम आणि लीप ऑफिस, शिवाय कृतिदेव, शिवाजी आणि कितीतरी. मौजेची गोष्ट अशी की सी-डॅककडे साठवायला इस्की होतं आणि छापायला फाँटचा वेगळा तक्ता, आणि लोकांच्या हाती असलेल्या फाईली बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या. एका दुकानात टाइप केलेली पत्रिका दुसऱ्या दुकानात उघडायची नाही. ‘कोणत्या सॉफ्टवेअरात आहे?’ हा प्रश्न त्या काळच्या प्रत्येक छपाईवाल्याने रोज विचारला असेल.

आता डोंगलबद्दल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो पाहिलाही नसेल. काडेपेटीएवढी एक डबी, संगणकाच्या मागच्या प्रिंटरच्या पोर्टला लावायची, पुढे यूएसबीची आली. सॉफ्टवेअर सुरू होताना आधी डबीला विचारायचं ‘आहेस का?’ आणि उत्तर आलं नाही तर कामच थांबायचं. भाषेच्या व्यावसायिक पॅकेजांबरोबर अशी डबी येणं त्या काळी नेहमीचं होतं.

इथे मला दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत, कारण कंपन्यांना शिव्या घालणं फार सोपं आहे. तेव्हा मोठ्या परदेशी कंपन्यांना मराठीचं काही पडलेलं नव्हतं. अक्षरं वळवणारे कलाकार, प्रोग्रामर, गावोगाव जाऊन दुरुस्ती करणारे लोक, या सगळ्यांचा खर्च छोट्या बाजारातून काढायचा होता. आणि नकला किती व्हायच्या, ते नेहरू प्लेस किंवा लॅमिंग्टन रोडला एकदा जरी गेलेल्या माणसाला सांगायला नको. एक प्रत विकली की तीच शंभर दुकानांत जाणार हे गृहीतच. डबीमागचं हे कारण मला पटतं.

मला न पटणारी गोष्ट दुसरीच आहे. डबीचं कुलूप सॉफ्टवेअरला होतं, पण तक्ता गुप्त ठेवल्यामुळे कुलूप पडलं गिऱ्हाइकाच्या मजकुराला. पैसे देऊन सॉफ्टवेअर घेतलं, ते ठीक. पण त्यात मी लिहिलेलं पत्र, पाटलाच्या विहिरीची पातळी, एखाद्या आजीच्या ओव्या हे कंपनीचं नव्हतं. हा फरक तेव्हा कोणी गिऱ्हाइकाला सांगितला नाही, आणि खरं म्हणजे गिऱ्हाइकाने विचारलाही नाही. कागदावर मराठी उमटतंय एवढ्यावर सगळे खुश होते.

हिंगोलीत मी ज्या दुकानात गेलो तिथल्या काकांकडे हेच सॉफ्टवेअर होतं. त्यांनी सीडी न घालताच मान हलवली. “पोरा, याचं कुलूप वीज पडली तव्हा जळालं. कंपनीला फोन लावला तर म्हणले ते व्हर्शन बंद झालं, नवीन घ्या.” नवीन घेतलं असतं तरी जुना फाँट त्यात असेल याची खात्री द्यायला फोनवरचा माणूस तयार नव्हता. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण अशीच गोष्ट दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने ऐकायला मिळेल.

आणि डबी शाबूत असती तरी काय? नव्या संगणकाला प्रिंटरचं ते जुनं पोर्टच नसतं. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे जुने प्रोग्राम चालत नाहीत. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला. यातला एकही निर्णय मराठीला त्रास द्यावा म्हणून घेतलेला नव्हता. घेणाऱ्यांना आपण आहोत हेही माहीत नसावं.

इंटरनेट आल्यावर तीच गोष्ट नव्याने घडली. २०००च्या आसपास मराठी वर्तमानपत्रं ऑनलाइन आली तेव्हा आधी फाँट उतरवून घ्यायला लागायचा, प्रत्येक वर्तमानपत्राचा वेगळा. तो त्रास टाळायला पानाबरोबरच फाँट पाठवायची युक्ती निघाली. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीतले असे फाँट फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दिसायचे. त्या फाँटच्या फाईलमध्येच लिहिता यायचं की हा फाँट अमुक संकेतस्थळावरच चालावा. म्हणजे पान जतन करून घरी उघडलं तर मजकूर पुन्हा खिचडी. फाँट चोरीला जाऊ नये म्हणून केलेली ही सोय, पण कात्रणं जमवणाऱ्या वाचकाचा पुरावा त्यात गेला. वेबवरच्या फाँटचं खुलं मानक डिसेंबर २०१२मध्ये पक्कं झालं, आणि जून २०२२मध्ये इंटरनेट एक्सप्लोररचाही आधार संपला. कोणी त्या वर्षांतल्या निवडणुका किंवा दुष्काळ यांवर काम करणार असेल तर कागदी अंक गाठा, असंच मी सांगेन.

युनिकोड तोवर आला नव्हता का? आला होता. पहिली आवृत्ती १९९१ची आहे आणि तिच्यातला देवनागरीचा भाग १९८८च्या इस्कीवरूनच घेतलेला आहे. युनिकोडमध्ये हिंगोली सात खुणांत बसतं आणि ह आधी, वेलांटी नंतर येते, जशी आपण बोलतो तशी. चित्र काढायचं काम फाँट आणि संगणकाने करायचं. पण साध्या माणसाच्या संगणकावर हे पोचायला विंडोज २०००ची वाट पाहावी लागली. तिच्यातला ‘मंगल’ हा फाँट घडवला तो एका मराठी माणसानेच, र. कृ. जोशी यांनी. एक्सपीमध्येसुद्धा सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची आणि विंडोजची मूळ सीडी घालायची, तेव्हा देवनागरी नीट जुळायची. तालुक्याच्या गावात मूळ सीडी कोणाकडे असणार?

मराठीचे स्वतःचे प्रश्नही होते. संगणकाबरोबर येणाऱ्या फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसायचे, मुलं शाळेत एक ल गिरवायची आणि पडद्यावर दुसरा. ‘ऱ्य’ मधला अर्धा र कसा उमटवायचा हे कित्येकांना आजही सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली ती युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली. त्याआधी ‘अॅ’ म्हणजे अ-ला वरून चंद्र चिकटवायचा. दिसायला सारखंच, पण शोधताना दोन्ही वेगळे. तुमच्या माहितीसाठ्यात ‘ॲसिड’ शोधून निम्म्याच नोंदी आल्या तर याच गोष्टीवर संशय घ्या. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली, त्यामुळे पुढच्या फाँटवाल्यांना निदान एक आधार मिळाला.

दरम्यान कुलपं सैलही होत होती. २००५ साली केंद्र सरकारने आधी तमिळ आणि मग हिंदीसाठी फाँट व सॉफ्टवेअरच्या मोफत सीडी वाटल्या. सायबरस्केपने आकृतीचे काही फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले, म्हणजे ज्याने कुलूप घातलं त्यानेच काढलं असंही घडलंय. १ मे २००३ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो अर्थातच युनिकोडमध्ये. आज मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ फुकट आणि मुक्त मिळतात. माझा अख्खा प्रबंध मुक्तामध्ये आहे.

डीटीपीची दुकानं मात्र बराच काळ जागची हलली नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ची. ॲडोबीने त्याच्या जागी इनडिझाइन आणलं, पण त्यात भारतीय लिप्या नीट जुळायला २०१२ची सीएस६ यावी लागली. आणि पुढच्याच वर्षी, मे २०१३मध्ये, ॲडोबीने जाहीर केलं की आता सॉफ्टवेअर खोक्यात विकत मिळणार नाही, वर्गणी भरायची. मराठीची वेळ आली आणि दुकान भाड्यावर गेलं! लग्नसराईत कमावणाऱ्या माणसाने बारा महिने वर्गणी कुठून भरायची? तो जुन्या संगणकावर जुना पेजमेकर आणि जुनाच फाँट धरून बसला. जानेवारी २०२३पासून ॲडोबीच्या प्रोग्राममध्ये टाइप १ प्रकारचे जुने फाँटही चालेनासे झाले.

याचा परिणाम तुमच्या टेबलावर येतो. यूजीसीच्या २००९च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं सक्तीचं केलं, त्यामुळे शोधगंगेवर मराठी प्रबंध भरपूर आहेत. पण टाइप करणारा हाच दुकानदार होता. पीडीएफ डोळ्यांना सुंदर मराठीत दिसते, शोधायला जा किंवा एक परिच्छेद उचला, की ई-जे-के-बी-एच. ‘या विषयावर पूर्वी काम झालेलं नाही’ असं लिहिण्याआधी दोनदा विचार करा. काम झालेलं असेल, शोधपेटीला ते दिसत नसेल.

कायद्याचं काय, हे मला माझ्या मार्गदर्शकांनी विचारलं. कुलूप तोडणं गुन्हा नाही का? २०१२च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आलं. हक्कांचा भंग करण्याच्या इराद्याने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मी वकील नाही, पण ‘इराद्याने’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटला. शिवाय कलम ५२मध्ये एका प्रोग्रामचा दुसऱ्याशी मेळ घालण्यासाठी लागणारी माहिती काढायला कायदेशीर वापरकर्त्याला मुभा आहे. अमेरिकेतला १९९८चा कायदा जास्त कडक, पण तिथे दर तीन वर्षांनी सवलतींची यादी निघते, आणि २००३च्या यादीत चक्क डोंगल होता: बिघडलेल्या, कालबाह्य डोंगलमुळे प्रोग्राम उघडत नसेल तर ते कुलूप टाळायची परवानगी. वाचून मला हिंगोलीचे काका आठवले. जळालेली डबी ही जगभरची अडचण होती तर.

मी डबीच्या वाटेला गेलोच नाही. सॉफ्टवेअर मला नकोच होतं, तक्ता हवा होता. आमचा फाँट रेमिंग्टन पद्धतीचाच होता, म्हणून दुसऱ्या एका प्रसिद्ध फाँटसाठी बनवलेला रूपांतरक लावून पाहिला. गावांची नावं पटापट मराठीत आली. मी इतका खुश झालो की आकडे तपासलेच नाहीत, सगळा तक्ता एक्सेलमध्ये ओतला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर पातळीच्या रकान्यात तारखा. ७ एप्रिल, ९ मे, ११ फेब्रुवारी. अर्धा तास कळेना की टाइप करणाऱ्याने पातळीच्या जागी तारीख का लिहिली. मग लक्षात आलं. या फाँटमध्ये दशांशाचं टिंब बसवलं होतं आडव्या रेघेच्या घरात. फाईलमध्ये होतं ‘७-४’, छापल्यावर दिसायचं ‘७.४’. रूपांतरकाने रेघ तशीच ठेवली आणि एक्सेलने तिची एप्रिलची सात तारीख केली. रेघ नुसती काढून टाकली असती तर ७४ मीटर झालं असतं. आपल्या बेसाल्टातली साधी विहीर दहा-पंधरा मीटरची, ७४ दिसल्यावर मी थांबलो असतो. पण ०.९चे ९ झाले असते तर? पावसाळ्यातली तुडुंब विहीर कागदावर उन्हाळ्यासारखी दिसली असती, आणि मी त्यावर एक आलेख काढून मोकळा झालो असतो.

मग परत हिंगोलीला काकांकडे. त्यांच्या कपाटात त्याच सॉफ्टवेअरमधून छापलेली एक जुनी लग्नपत्रिका आणि तिचीच फाईल सापडली. दोन्ही शेजारी ठेवून घरन् घर जुळवलं, तीन दिवस लागले. नेहमीच्या कळांचं कोडं लवकर सुटलं, पण जोडाक्षरांची घरं ऑल्ट दाबून चार आकडे मारल्यावर येणारी होती, ती पत्रिकेत सगळी कुठून असणार? तिथे काकांनी जे केलं ते मी विसरणार नाही. पडद्यावरची इंग्रजी खिचडी बघायची, डोळे मिटायचे आणि टेबलावर नुसती बोटं चालवायची. बोटं थांबली की शब्द सांगायचे. “हे ‘द्ध’ हाय. सिद्धेश्वर. लिही.”

५८पैकी ५१ फाईली झाल्यात. उरलेल्या सातांत दुसराच फाँट आहे, आणि काका म्हणतात तो परभणीच्या एका दुकानात चालायचा. पुढच्या आठवड्यात तिकडे जाणार आहोत, दोघंही.